चिकट स्टॉक: जून ते नोव्हेंबर २०२४ च्या नोंदी

१६ जून, रविवार

शूटिंग रेंजवरून आल्या आल्या लेकीने डाव्या हाताचा मोजा माझ्यापुढे धरला. रायफल ज्या तळव्यावर टेकते, तिथे शाई सांडल्यासारखा काळा डाग. बोट लावलं तर बोटही काळं झालं आणि क्षणभर चिकटून राहिलं.

पेटी उघडून रायफल बाहेर काढली. ग्रिपवर अंगठा दाबला आणि उचलला, तर ‘चर्र’ असा बारीक आवाज आला. फणस कापल्यावर चीक हाताला धरतो, अगदी तसं. चिपळूणच्या माणसाला दुसरी उपमा सुचायची नाही.

नोंदीसाठी: १० मीटर एअर रायफल, ४.५ मिमी, परदेशी बनावट, मुंबईच्या वितरकाकडून नोव्हेंबर २०२२ मध्ये घेतलेली. पावणेदोन लाख रुपये. बीच या झाडाच्या लाकडाचा स्टॉक, म्हणजे दस्ता, आणि त्यावर काळं, मऊ, रबरासारखं कोटिंग. घेतली तेव्हा हात फिरवला की मखमल वाटायची. वॉरंटी दोन वर्षांची. म्हणजे हातात पाच महिने आहेत.

१७ जून, सोमवार

लेकीशी सविस्तर बोलले. तिच्या म्हणण्याप्रमाणे पंधरा दिवसांपासून ‘काहीतरी वेगळं’ लागत होतं, पण तिला वाटलं पावसाळी दमट हवेमुळे असेल. सरावात ६० शॉटना ६१२ च्या आसपास असायची, ती ६०४ वर आली होती. सर तिच्या श्वासावर आणि ट्रिगरवर काम करत बसले होते.

चिकटपणाचा गुणांशी संबंध असा. नेमबाज उभं राहिल्यावर डोळे मिटून रायफल सैल सोडतो आणि ती आपोआप कुठे स्थिरावते ते बघतो. तिथून लक्ष्य जितकं बाजूला असेल तितके पाय हलवायचे, हाताने रायफल ओढायची नाही. आता मोजा स्टॉकला चिकटला की रायफल स्थिरावतच नाही, मागच्या शॉटच्या जागी अडकून राहते. त्यात ट्रिगर दाबताना ग्रिपवरची कातडी ओढली जाते. लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं असतं. एवढ्याशा ओढीने दहाचा नऊ होतो.

लेकीला वाटत होतं की आपलंच काहीतरी चुकतंय. याचं मला फार वाईट वाटलं.

१९ जून, बुधवार

सल्ले सुरू झाले. सासूबाई म्हणाल्या, खोबरेल लाव, फणसाचा चीक खोबरेलानेच जातो. शेजारच्यांनी टाल्कम पावडर सुचवली. रेंजवरच्या एका पालकांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सगळं कोटिंगच उतरवायला सांगितलं. त्यांनी जुन्या दुर्बिणीवर तसं केलं होतं आणि ते छान निघालं म्हणे.

निघतं, यात शंका नाही. मी लोट्याच्या एमआयडीसीत रेझिनच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीला आहे, असल्या लेपांशी रोज गाठ पडते. पण वॉरंटी कार्ड दोनदा वाचलं. ‘मालातील व कारागिरीतील दोष’ वॉरंटीत धरलेत. ‘वापराने होणारी झीज, रसायनांचा संपर्क, ग्राहकाने केलेले फेरफार’ वगळलेत. एकदा का मी अल्कोहोलचा बोळा फिरवला, की तो फेरफारही झाला आणि रसायनाचा संपर्कही. शिवाय दोष दाखवायला काही उरणारच नाही.

घरात सगळ्यांना सांगून ठेवलं: स्टॉकला कुणी काहीही लावायचं नाही, पुसायचंही नाही. लेक तोवर क्लबच्या जुन्या रायफलीवर सराव करेल.

ग्रिपला टेप गुंडाळून वेळ मारून नेता येईल का, असं सरांना विचारलं. सर म्हणाले, “ताई, स्पर्धेत चालायचं नाही. पकड वाढेल असं काहीही ग्रिपवर, पुढच्या भागावर किंवा स्टॉकच्या खालच्या बाजूला लावायला नियमात बंदी आहे.” मग माझ्या मनात आलं, हे कोटिंग स्वतःच आता पकड वाढवतंय. साहित्य तपासणीच्या टेबलावर एखाद्या काटेकोर पंचाने हात लावला तर काय म्हणेल?

२३ जून, रविवार

आजचा पूर्ण दिवस यात गेला.

आधी दाबलेल्या हवेचा सिलिंडर सोडवून बाजूला ठेवला. भरलेला असताना २०० बारचा दाब असतो, त्याच्याशी खेळ नको. मग ॲलन कीने स्टॉकचे दोन बोल्ट काढले, नळी आणि ॲक्शन (शॉट सोडणारी यंत्रणा) उचलून टॉवेलवर ठेवली. प्रत्येक पायरीचा फोटो काढला, बाजूला पट्टी आणि त्या दिवसाचं वर्तमानपत्र ठेवून.

चिकटपणा शब्दांत सांगून उपयोग नाही, कागदावर दिसला पाहिजे. म्हणून घरगुती चाचणी ठरवली. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी ठेवायची, वर ५०० ग्रॅमचं वजन, १० सेकंद, मग सरळ वर उचलायची. ग्रिपवर पट्टी फाटली. पुढच्या भागावर फाटली. गाल टेकतो तिथे तंतू राहिले. इथपर्यंत काही नवल नाही, या सगळ्या हात-गाल लागण्याच्या जागा.

मग खांद्याला टेकणारी बट प्लेट काढली. तिच्याखालचं लाकूड कारखान्यातून निघाल्यापासून कुणी पाहिलेलं नाही. तिथेही तंतू चिकटले. आणि ॲक्शन ज्या खाचेत बसते, तिच्या कडेने फवारणीच्या वेळी कोटिंगचा पातळ थर उडालेला आहे, तिथे पट्टी सरळ फाटली. त्या खाचेत हात जात नाही, घाम जात नाही, काहीच जात नाही.

शेवटी अनुक्रमांकाचं स्टिकर. त्याची एक कड आधीच सुटली होती, ती नखाने दोन मिलिमीटर उचलली. खालचं कोटिंग कोरडं, मऊ, नवं होतं तसं. पट्टीवर एक तंतू नाही.

म्हणजे हात पोचत नाही तिथे बिघडलंय, आणि हवा पोचत नाही तिथे शाबूत आहे. हे वाक्य मी लगेच वहीत लिहून खाली तारीख घातली.

२४ जून, सोमवार

हे काय आहे ते एकदा नीट लिहून ठेवते, पत्रात लागेल.

असं मखमली कोटिंग बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचं असतं. त्यातल्या लांब साखळ्यांचा मऊ भाग कशाचा केलाय, यावर त्याचं आयुष्य ठरतं. तो पॉलिएस्टरचा असेल तर साखळीत जागोजागी एस्टर बंध असतात. पाणी त्या बंधांना तोडतं. त्याला हवेतली वाफसुद्धा पुरते. बंध तुटला की एका टोकाला आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढचे बंध तोडायला मदत करतं. म्हणून वर्ष-दीड वर्ष काहीच दिसत नाही आणि मग महिन्याभरात सगळं चिकट होतं. लांब साखळ्यांचे तुकडे झाले की रबराचा चिकटा होतो. जुन्या गाड्यांची बटणं, दुर्बिणींची आवरणं, लॅपटॉपची झाकणं अशीच बिघडतात. मऊ भाग पॉलिइथर किंवा पॉलिकार्बोनेटचा घेतला तर पाण्यापुढे बराच जास्त टिकतो. हे रेझिनवाल्यांना नवीन नाही.

दुकानातून पीएच पट्ट्या आणल्या. खाचेतल्या थरावर डिस्टिल्ड वॉटरचा थेंब पाच मिनिटं ठेवला, मग पट्टी टेकवली. रंग ४ आणि ५ च्या मधला, म्हणजे आम्ल. स्टिकरखालच्या जागेवर तेच केलं, तर नुसत्या पाण्याचा रंग आला. प्रयोगशाळेचा अहवाल नाही हा, पण बोट योग्य दिशेला दाखवतो.

२५ जून, मंगळवार

वितरकाला पहिला ईमेल. बिल, वॉरंटी कार्ड, सहा फोटो. मजकूर मुद्दाम आठ ओळींचा ठेवला.

४ जुलै, गुरुवार

उत्तर आलं: कोटिंग ही झिजणारी गोष्ट आहे, घाम, सनस्क्रीन किंवा डास प्रतिबंधक मलम यांच्या संपर्काने असं होतं, त्यामुळे वॉरंटीत बसत नाही. हवं तर नवा स्टॉक विकत घेता येईल.

डासांच्या मलमाचं वाचून मी थबकले. लेकीला विचारलं. ती म्हणाली, हो, संध्याकाळच्या सरावाआधी लावते, पायांना आणि कोपरापर्यंत हातांना. ही नोंद मी लपवणार नाही. अशी मलमं प्लास्टिक आणि लेपांना मऊ करू शकतात, हे मला माहीत आहे. ग्रिपवर त्याचा काही वाटा असू शकतो.

पण खाचेत? बट प्लेटच्या खाली?

६ जुलै, शनिवार

सरांना सगळं दाखवलं. ते काही न बोलता कपाटाची किल्ली घेऊन आले. क्लबने त्याच महिन्यात हेच मॉडेल घेतलं होतं, एका डावखुऱ्या मुलासाठी. तो मुलगा गेल्या वर्षी बारावीनंतर पुण्याला गेला, तेव्हापासून ती रायफल पेटीतच आहे. वर्षभर कुणी हात लावलेला नाही.

पेटी उघडली तर आंबूस वास आला. ग्रिपवर टिश्यूची पट्टी फाटली नाही, पण तंतू राहिले. खाचेत फाटली.

सरांनी सोलापूरला त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. त्यांच्याकडे हेच मॉडेल दोन वर्षं रोज वापरात आहे. घाम तर सोलापुरात कमी नाही. त्यांचं कोटिंग ठणठणीत! फरक हवेचा. आमच्या रेंजवरच्या आर्द्रतामापकात आज ८९ टक्के आहे.

घरी येताना एक प्रश्न छळत राहिला: कंपनी म्हणेल, मग तुम्ही दमट जागी ठेवली हा तुमचा दोष. माहितीपुस्तिका पुन्हा काढली. ‘वापर नसताना सोबत दिलेल्या पेटीत ठेवावी’ एवढंच लिहिलंय. आर्द्रतेबद्दल एक शब्द नाही. आम्ही त्यांच्याच फोमच्या पेटीत ठेवली, त्यांनी सांगितलं तसंच.

८ जुलै, सोमवार

मोठं पत्र, ईमेलने आणि रजिस्टर्ड पोस्टाने. त्यात मलमाची गोष्ट मी स्वतःहून लिहिली. ती लपवली असती तर बाकीच्या नोंदींवर कुणी का विश्वास ठेवावा? पुढे खाच, बट प्लेट, स्टिकर, न वापरलेली दुसरी रायफल आणि सोलापूरची रायफल, या क्रमाने. पुस्तिकेतलं पेटीचं वाक्य पान क्रमांकासह. शेवटी मागणी: कोटिंग नसलेला, तेल दिलेल्या लाकडाचा स्टॉक विनामूल्य द्यावा. तेच कोटिंग असलेला स्टॉक नको, तो पुढच्या दोन पावसाळ्यांत असाच होईल आणि तेव्हा वॉरंटी संपलेली असेल. उत्तरासाठी १५ दिवस.

२२ जुलै, सोमवार

उद्या मुदत संपते, अजून उत्तर नाही. इथे आजच्या तारखेला कुणाचंच लक्ष कामात नसतं. २०२१ चा पूर याच दिवशी आला होता आणि पाऊस जरा जोरात लागला की लोक वाशिष्ठीचं पाणी बघायला पुलाकडे जातात. मीही जाऊन आले.

२४ जुलै, बुधवार

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला तक्रार नोंदवली. क्रमांक मिळाला, तो वितरकाला कळवला. पुढच्या पायरीचीही माहिती काढून ठेवली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मी राहते त्या जिल्ह्यात, म्हणजे रत्नागिरीच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. ऑनलाइन, घरबसल्या भरता येते. क्लबच्या रायफलीची गोष्ट वेगळी, ती संस्थेच्या नावावर आहे. लेकीची माझ्या नावावर, घरच्या वापरासाठी घेतलेली.

१ ऑगस्ट, गुरुवार

आज स्टॉकचं काम काही नाही, पण नोंद हवीच. स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ जिंकलं, ४५१.४ गुण. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा. १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी पदक आणलं, त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मी सुट्टी टाकून रेंजवर गेले होते. वीसेक मुलं एका मोबाइलभोवती. शेवटचा शॉट झाल्यावर लेक माझ्या गळ्यात पडली आणि लगेच म्हणाली, “आई, माझी रायफल कधी येणार?”

५ ऑगस्ट, सोमवार

वितरकाचा फोन आला. आवाज बदललेला होता. त्यांनी पत्र निर्मात्याकडे पाठवलं होतं. आता निर्माता तपासायला तयार आहे, पूर्ण रायफल मुंबईला पाठवा.

मी नाही म्हटलं. दोष स्टॉकचा आहे, नळीचा नाही. सिलिंडर भरलेला कुरियरवाले घेत नाहीत. नळी प्रवासात वाकडी झाली तर त्याला जबाबदार कोण? स्टॉक दोन बोल्टने सुटतो, तेवढाच पाठवते. अर्ध्या तासाने परत फोन आला: चालेल. लेखी द्या म्हटलं, संध्याकाळी ईमेल आला.

१२ ऑगस्ट, सोमवार

पाठवण्याआधी स्टॉक वजन केला: १२८० ग्रॅम. सगळ्या बाजूंनी व्हिडिओ घेतला. साध्या प्लास्टिकमध्ये गुंडाळला असता तर प्लास्टिकच चिकटलं असतं, म्हणून आधी बटर पेपर, मग बबल रॅप, मग खोकं.

पोस्टात काउंटरवरच्या बाईंनी खोक्याच्या आकाराकडे पाहून विचारलं, आत काय आहे? खोकं उघडं ठेवूनच नेलं होतं, ते दाखवलं. बिलाची प्रत आणि एका पानाचं पत्र दिलं: एअर रायफलचा लाकडी दस्ता, सुटा भाग, नळी नाही, दाबाखालचा वायू नाही. सोबत हेही की ४.५ मिमीच्या, २० जूलच्या आत ऊर्जा असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, आणि ही जेमतेम ७.५ जूलची. त्यांनी वरिष्ठांना दाखवलं, दहा मिनिटांत स्पीड पोस्टची पावती मिळाली. काउंटरवरच्या त्या बाईंनी शेवटी विचारलं, “मुलगी खेळते का तुमची? कुसाळेसारखी?” मला एकदम भरून आलं.

३ सप्टेंबर, मंगळवार

मान्य! निर्मात्याचा ईमेल वितरकाने जसाच्या तसा पुढे पाठवला: खाचेतल्या थराची स्थिती पाहता हा लेपातला दोष धरला आहे, स्टॉक बदलून देऊ. कोटिंग नसलेला लाकडी स्टॉक आहे, पण तो मागवावा लागेल. जाण्या-येण्याचा खर्च त्यांचा.

मलमाचा उल्लेख नाही. स्टिकरचा आहे.

२८ सप्टेंबर, शनिवार

गणपती होऊन गेले, ऐन मोसमातली एक स्पर्धा लेक क्लबच्या रायफलीवर खेळली (६०५.८). आज खोकं आलं. तेल दिलेलं बीच, फिकट तांबूस, रेषा उभ्या आणि सरळ. वजन १२१५ ग्रॅम, जुन्यापेक्षा ६५ ने हलका. रायफलीला वरची मर्यादा ५.५ किलोची आहे, त्यामुळे अडचण नाही, पण तोल पुढे सरकेल.

२९ सप्टेंबर, रविवार

बसवणी. ॲक्शन खाचेत ठेवून आधी दोन्ही बोल्ट बोटांनी, मग पुढचा, मग मागचा, पुस्तिकेतल्या ५ न्यूटन-मीटरला. सरांचा टॉर्क रेंच आणला होता. नळी स्टॉकला कुठे टेकत नाही ना, हे कागदाची पट्टी सरकवून पाहिलं. बट प्लेट आणि चीक पीसची (गाल टेकतो त्या भागाची) मापं जुन्या फोटोतल्या पट्टीवरून घेतली, त्या फोटोंचा हा उपयोग मी धरलाच नव्हता. तोल सारखा करायला बट प्लेटपाशी ६० ग्रॅमचं वजन लावलं.

मग रायफल टेकवून १० शॉट. गट तीन मिलिमीटर डावीकडे आणि खाली, पण घट्ट. साइटच्या क्लिक मोजून आणला मध्यावर.

६ ऑक्टोबर, रविवार

लेकीचा पहिला पूर्ण सामना-सराव, ६० शॉट, ७५ मिनिटांची वेळ लावून. ६०९.३. हाताला नवं लाकूड थंड आणि थोडं गुळगुळीत लागतंय म्हणाली. मधे एकदा डोळे मिटून रायफल सैल सोडताना मी मागून बघत होते. ती सरकली आणि थांबली. मोज्याने कुठे अडवलं नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

क्लबच्या रायफलीची वॉरंटी या महिन्यात संपते. सरांनी संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज केला, मी माझ्या पत्रव्यवहाराच्या प्रती, टिश्यू चाचणीचे फोटो आणि ३ सप्टेंबरचा ईमेल जोडून दिला. वितरकाने पोच दिली आहे, तीवर १३ नोव्हेंबरच्या आधीची तारीख आहे हे तपासलं. स्टॉक बटर पेपरमध्ये गुंडाळून तयार आहे. सोमवारी पोस्ट उघडलं की जाईल.

लेकीच्या पेटीत सिलिका जेलची चार पाकिटं आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवला. आज रात्री ५४ टक्के.